डिग म्हणतं ठीक आहे, ॲप म्हणतं सर्व्हर नाही

स्वतःचा चॅट सर्व्हर चालवणाऱ्या वाचकांची या महिन्यात बरीच पत्रं आली आणि त्यातली बहुतेक एसआरव्ही रेकॉर्डपाशी अडली आहेत. थोडक्यात पार्श्वभूमी अशी. एक्सएमपीपी चॅटचा पत्ता ईमेलसारखा असतो. नाव@गप्पा.टेस्ट असा पत्ता दिला की ॲप डीएनएसला, म्हणजे नावांवरून पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेला, ‘या डोमेनचा चॅट सर्व्हर कुठे आहे?’ असं विचारतं आणि उत्तरात प्रायॉरिटी, वेट, पोर्ट आणि टार्गेट मशीनचं नाव मिळतं. हाच एसआरव्ही रेकॉर्ड. त्याचे सध्याचे नियम फेब्रुवारी २००० च्या आरएफसी २७८२ मध्ये आहेत (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे दस्तऐवज). एक्सएमपीपीने तो कसा वापरायचा हे मार्च २०११ च्या आरएफसी ६१२० मध्ये आहे. खाली सगळीकडे गप्पा.टेस्ट हे नमुना डोमेन घेतलं आहे. आज्ञा आणि नावं इथे देवनागरीत छापली असली तरी टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप करावीत.

प्रश्न: आमच्या छोट्या ऑफिससाठी प्रोसडी हा चॅट सर्व्हर बसवला. एसआरव्ही रेकॉर्ड टाकायच्या आधी ॲप जोडलं जात होतं. रेकॉर्ड टाकल्यापासून ‘सर्व्हर सापडत नाही’ येतं. डिग या डीएनएसला विचारायच्या आज्ञेत रेकॉर्ड व्यवस्थित दिसतो. कुठून सुरुवात करू? (एक वाचक, मुलुंड)

आधी जोडलं जात होतं, याचं कारण एसआरव्ही रेकॉर्ड नसेल तर ॲप थेट गप्पा.टेस्टचा पत्ता काढून ५२२२ पोर्टवर जातं. नियमातच तशी पळवाट आहे. रेकॉर्ड आला की ती पळवाट बंद होते. एसआरव्हीचं उत्तर मिळालं, पण त्यातल्या माहितीवर जोडणी झाली नाही, तर मागच्या वाटेने जाऊ नये असं आरएफसी ६१२० सांगतो. म्हणून चुकीचा रेकॉर्ड असण्यापेक्षा रेकॉर्ड नसलेला परवडला.

डिगचं उत्तर पुन्हा एकदा नीट वाचा.

डिग +शॉर्ट एसआरव्ही _एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी.गप्पा.टेस्ट
१० ५ ५२२२ चॅट.गप्पा.टेस्ट.

क्रम प्रायॉरिटी, वेट, पोर्ट, टार्गेट असाच असतो. डोमेनच्या सेटिंग पॅनलमध्ये चौकटींचा क्रम वेगळा असला की पोर्टच्या जागी ५ आणि वेटच्या जागी ५२२२ जातं आणि डिगला त्यात काही वावगं दिसत नाही. टार्गेट ‘चॅट.गप्पा.टेस्ट.गप्पा.टेस्ट.’ असं आलं असेल तर झोन फाइलमध्ये (डोमेनचे रेकॉर्ड असलेल्या फाइलमध्ये) नावाच्या शेवटचा टिंब राहिला आहे. शेवटी टिंब नसलेलं नाव अपुरं धरून पुढे डोमेन जोडलं जातं. डाव्या बाजूलाही हेच होतं. काही पॅनल डोमेन स्वतःहून जोडतात, काही अंडरस्कोअरही स्वतःच लावतात, आणि तुम्ही दोन्ही टाइप केलं असेल तर रेकॉर्ड भलत्याच नावावर बसतो. सेव्ह केल्यावर पॅनल काय दाखवतं यावर विश्वास ठेवू नका, बाहेरून विचारून बघा.

मग टार्गेट. चॅट.गप्पा.टेस्ट या नावाला ए (आयपीव्ही४ पत्ता) किंवा क्वाड-ए (आयपीव्ही६ पत्ता) रेकॉर्ड हवा. सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा रेकॉर्ड, चालत नाही, आरएफसी २७८२ ने तो स्पष्ट नाकारला आहे. काही ॲप सीनेम खपवून घेतात, काही घेत नाहीत, म्हणून ‘माझ्या फोनवर चालतं, साहेबांच्या फोनवर नाही’ हा प्रकार होतो. क्वाड-ए असेल तर सर्व्हर त्या पत्त्यावर खरंच ऐकतो का तेही बघा. ‘एसएस -एलटीएन’ दिल्यावर ५२२२ समोर फक्त ०.०.०.० दिसत असेल तर आयपीव्ही६ वरून येणारा फोन आपटणार, आणि आपल्याकडे मोबाइल डेटावर आयपीव्ही६ सर्रास असतं. वेबसाइटच्या प्रॉक्सीमागे ठेवलेलं नाव टार्गेट म्हणून दिलं तरी असंच होतं, कारण प्रॉक्सी वेबचे पोर्ट पुढे पाठवते, ५२२२ सहसा नाही.

एवढं झालं की ऑफिसच्या बाहेरच्या एखाद्या मशीनवरून ‘एनसी -व्हीझेड चॅट.गप्पा.टेस्ट ५२२२’ करून पोर्ट उघडा आहे का ते पाहा. प्रोसडी आहे तर ‘प्रोसडीसीटीएल चेक डीएनएस’ ही आज्ञाही आहे. कॉन्फिगमधलं प्रत्येक डोमेन घेऊन रेकॉर्ड, टार्गेट आणि मशीनचे पत्ते जुळतात का हे ती सांगते. मात्र ती सर्व्हरच्या मशीनवर चालते, त्यामुळे घरून वा मोबाइलवरून काय दिसतं हे तिला कळत नाही.

प्रश्न: रेकॉर्ड दुरुस्त केला तरी तासभर जुनंच उत्तर येत होतं. टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, तर ३०० सेकंद ठेवला आहे. (तेच वाचक)

रेकॉर्ड बरोबर नावावर बसायच्या आधी कुणीतरी तो विचारला असणार. ‘असं नाव नाही’ हे उत्तरही कॅशेत राहतं आणि त्याची मुदत तुमच्या रेकॉर्डच्या टीटीएलवर ठरत नाही. ती डोमेनच्या एसओए या मूळ माहितीच्या रेकॉर्डवरून ठरते. एसओएचा स्वतःचा टीटीएल आणि त्याच्या ओळीतला शेवटचा आकडा, यात जो लहान तो लागू (आरएफसी २३०८, १९९८). तिथे ३६०० असेल तर तासभर थांबणं आलंच. ‘डिग एसओए गप्पा.टेस्ट’ करून आकडा बघून घ्या. रेकॉर्ड टाकल्यावर पहिली चौकशी नेहमी डोमेनच्या अधिकृत नेमसर्व्हरला थेट @ लावून करावी. तिथे उत्तर बरोबर आलं की मगच बाकीच्यांना विचारावं. शिवाय +शॉर्ट लावल्यावर उत्तराची स्थिती दिसत नाही. नाव नाही, नाव आहे पण रेकॉर्ड नाही आणि सर्व्हरच बिघडलाय, या तिन्ही वेळा पडदा कोराच राहतो. शंका आली की +शॉर्ट काढा.

प्रश्न: आम्ही चॅट क्लायंटमध्ये एसआरव्ही लुकअपचा कोड स्वतः लिहिला आहे. इंटरनेटवरच्या खऱ्या डोमेनवर टेस्ट चालवतो, त्या कधी पास होतात, कधी फेल. वेट बरोबर पाळलं जातं का हे कसं तपासायचं? (एक प्रोग्रामर, अंधेरी)

खऱ्या डोमेनवरच्या टेस्ट आधी काढून टाका. त्यांचे रेकॉर्ड तुमच्या हातात नाहीत आणि ऑफिसची लाईन हलली की बिल्ड लाल होतो. कोडचे दोन भाग करा. एक भाग डीएनएसला विचारून रेकॉर्डांची यादी आणेल. दुसरा भाग यादी घेऊन क्रम लावेल आणि नेटवर्कला हातही लावणार नाही. वेटची चाचणी फक्त दुसऱ्या भागाची असते.

क्रमाचा नियम असा. लहान प्रायॉरिटी आधी. एकाच प्रायॉरिटीचे रेकॉर्ड घ्या, त्यातले वेट ० असलेले पुढे ठेवा, बाकीचे कसेही. मग वेटची चालती बेरीज करत जा. ० पासून एकूण बेरजेपर्यंत, दोन्ही टोकं धरून, एक यादृच्छिक आकडा काढा. ज्याची चालती बेरीज त्या आकड्याएवढी किंवा जास्त आहे असा पहिला रेकॉर्ड निवडा. तो यादीतून काढून टाका आणि उरलेल्यांवर हेच पुन्हा करा.

समजा वेट ०, १० आणि ३० आहेत. चालत्या बेरजा ०, १० आणि ४०. आकडा ० ते ४० मधला, म्हणजे ४१ शक्यता. ० आला तर पहिला, १ ते १० आला तर दुसरा, ११ ते ४० आला तर तिसरा. ४१०० वेळा निवड केली तर साधारण १००, १००० आणि ३००० वेळा अनुक्रमे पहिला, दुसरा, तिसरा यायला हवा. तिसऱ्याला ८५ आणि पहिल्याला ३० इकडेतिकडे सूट द्या, म्हणजे टेस्ट उगाच पडणार नाही.

पण नुसत्या मोजणीवर थांबू नका. सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे वरचं टोक न धरणं, आकडा ० ते ३९ मधला काढणं. तेव्हा अपेक्षित आकडे साधारण १०२, १०२५ आणि २९७२ होतात. वर दिलेल्या सुटीत हे आरामात बसतं आणि चूक टेस्टमधून निसटते. त्यापेक्षा यादृच्छिक आकडा देणारं फंक्शन बाहेरून घालता येईल अशी सोय ठेवा आणि ०, १, १०, ११, ४० हे पाच आकडे हाताने देऊन बघा. उत्तरं पहिला, दुसरा, दुसरा, तिसरा, तिसरा अशी यायला हवीत. शिवाय फंक्शनकडे वरची मर्यादा म्हणून ४० च मागितली गेली का, हेही टेस्टमध्ये तपासा. काठावरची चूक इथेच पकडली जाते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे वेट ० वाला पुढे न ठेवणं. डीएनएसने यादी १०, ०, ३० अशी दिली आणि तशीच वापरली तर चालत्या बेरजा १०, १०, ४० होतात आणि मधल्याला कधीच संधी मिळत नाही. म्हणून टेस्टमध्ये यादी मुद्दाम उलटसुलट करून द्या. सगळ्यांचे वेट ० असतील तर बेरीजच ० आणि नेहमी यादीतला पहिलाच येतो, तेव्हा आधी यादी पिसून घ्यावी. वेटनुसार उतरत्या क्रमाने लावून मोकळं होणारा कोडही आढळतो. त्यात सगळा भार एकाच सर्व्हरवर जातो आणि वेट देण्याला अर्थच उरत नाही.

आता पहिला भाग, म्हणजे खरं डीएनएस. त्यासाठी स्वतःच्या मशीनवर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर चालवा. सेटिंगमध्ये ‘नो-रिझॉल्व्ह’ लावून बाहेरची वाट बंद करा आणि ‘लोकल=/गप्पा.टेस्ट/’ लिहा. दुसरी ओळ विसरलात तर नसलेल्या नावाला ‘असं नाव नाही’ऐवजी ‘नकार’ असं उत्तर मिळतं आणि तुमची टेस्ट भलतीच गोष्ट तपासत बसते. रेकॉर्डची ओळ अशी:

एसआरव्ही-होस्ट=_एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी.गप्पा.टेस्ट,चॅट.गप्पा.टेस्ट,५२२२,१०,५

इथला क्रम टार्गेट, पोर्ट, प्रायॉरिटी, वेट आहे. झोन फाइलपेक्षा वेगळा. तिथून आकडे जसेच्या तसे उचलून आणले की फसगत ठरलेली. टार्गेटच्या जागी नुसता टिंब असलेला रेकॉर्ड हवा असेल तर अनबाउंड या दुसऱ्या डीएनएस सर्व्हरची ‘लोकल-डेटा’ ओळ सोयीची पडते, कारण तिच्यात रेकॉर्ड झोन फाइलसारखाच लिहिता येतो. लिनक्सवर १२७ ने सुरू होणारे सगळे पत्ते आपल्याच मशीनचे, म्हणून १२७.०.०.२ आणि १२७.०.०.३ वर दोन खोटे सर्व्हर उभे करून कोणाकडे जोडणी आली ते मोजता येतं. अडचण एक आहे. रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमध्ये नेमसर्व्हरचा फक्त पत्ता लिहिता येतो, पोर्ट नाही. डीएनएसमास्क ५३००वर चालवायचा असेल तर तुमच्या कोडला पोर्ट सांगता यायला हवा. नाहीतर टेस्ट कंटेनरमध्ये चालवून तिथे ५३ वापरा.

परिस्थिती कोणकोणत्या घ्यायच्या? रेकॉर्ड नाही, तर डोमेनच्या पत्त्यावर ५२२२. एकच रेकॉर्ड आणि टार्गेट नुसता टिंब, म्हणजे ‘इथे ही सेवा नाही’, तिथेच थांबायचं आणि पळवाटही वापरायची नाही. हे बरेच जण विसरतात. डीएनएसकडून उत्तरच नाही, तर ठरावीक वेळाने पळवाट. ही शेवटची टेस्ट करताना नेमसर्व्हर नुसता बंद करू नका. बंद पोर्टकडून ‘इथे कुणी नाही’ असा निरोप लगेच परत येतो आणि टाइमआउटची पाळीच येत नाही. फायरवॉलमध्ये ५३ साठी ड्रॉपचा (पॅकेट गुपचूप टाकून देण्याचा) नियम लावा. सर्व्हफेल, म्हणजे ‘सर्व्हर बिघडला’ हे उत्तर, आलं तर काय करावं यावर मतभेद आहेत. आमच्या मते ते ‘रेकॉर्ड नाही’ असं धरू नये. डीएनएससेकची, म्हणजे उत्तर खरं असल्याची डिजिटल, सही जुळली नाही तरी हेच उत्तर येतं, आणि तेव्हा मागच्या दाराने आत शिरणं बरं नव्हे.

मोठं उत्तरही तपासा. ईडीएनएस (मोठ्या उत्तरांची सोय) न वापरणाऱ्या क्लायंटला यूडीपीवर ५१२ बाइटच मिळतात. २५ अक्षरांच्या टार्गेटचे पंधरा रेकॉर्ड टाकले की ती मर्यादा ओलांडते, उत्तर कापून येतं आणि तेच टीसीपीवरून पुन्हा विचारावं लागतं. कोड कापलेल्या यादीवरच समाधान मानतो का ते बघा. पॅकेट वाचणारा कोडही स्वतःचा असेल तर आणखी एक. एसआरव्हीच्या टार्गेटमध्ये नावाचं कॉम्प्रेशन वापरू नये असा नियम आहे, तरी वाचणाऱ्याने ते आलं तर समजून घ्यावं अशी अपेक्षा आरएफसी ३५९७ मध्ये आहे. हाताने एक पॅकेट बनवा ज्यात पॉइंटर स्वतःकडेच बोट दाखवतो. कोड त्यात अडकून गोल फिरत राहिला तर ती नुसती त्रुटी नाही, कुणीही बाहेरून तुमचं ॲप गोठवू शकेल.

प्रश्न: एक सर्व्हर ऑफिसात आणि एक महापेला भाड्याचा. प्रायॉरिटी १० आणि २०. पावसात हिंदमाताला पाणी भरलं की आमची लाईन जाते, म्हणून ही सोय. सर्व्हिस बंद करून बघितली तर फोन लगेच महापेला गेला. खरी लाईन गेली तेव्हा मात्र दोन मिनिटं नुसतं गोल फिरत राहिलं. (एक वाचक, परळ)

तुम्ही घेतलेली चाचणी सोपी होती. सर्व्हिस बंद केली तरी मशीन चालू असतं आणि ते ‘पोर्ट बंद’ असं तत्काळ कळवतं. लाईन गेली की कळवायलाच कुणी उरत नाही. फोन पहिलं पॅकेट पाठवतो, मग १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जाणाऱ्या सेकंदांच्या अंतराने पुन्हा पाठवत राहतो. लिनक्समध्ये, म्हणून अँड्रॉइडमध्येही, हे सहा वेळा होतं आणि हार मानेपर्यंत दोन मिनिटं उलटतात.

उपाय ॲपमध्ये आहे. प्रत्येक टार्गेटसाठी जोडणीची स्वतंत्र मुदत हवी, दहा सेकंद पुरेत. ॲपमध्ये तशी सेटिंग नसेल तर दुसरं ॲप बघा, डीएनएसमध्ये काहीही बदलून हे सुटणार नाही. टीटीएल कमी करूनही नाही, कारण दोन्ही रेकॉर्ड फोनकडे आधीच असतात. चाचणी घेताना ऑफिसच्या फायरवॉलमध्ये ५२२२ साठी ड्रॉप लावा (रिजेक्ट नको) आणि घड्याळ लावा.

दुसरी गोष्ट याहून मोठी. फोन महापेला पोचला तर तिथे त्याचं खातं आहे का? एसआरव्ही फक्त पत्ता सांगतो, खाती, संपर्कयादी आणि ग्रुप तो उचलून नेत नाही. ईजॅबरडी या चॅट सर्व्हरमध्ये अनेक मशीनचा क्लस्टर करता येतो, ओपनफायर या दुसऱ्या चॅट सर्व्हरमध्ये त्यासाठी प्लगइन आहे. प्रोसडी मुळात एकाच मशीनवर चालण्यासाठी आहे. दोन सुटे प्रोसडी एकाच डोमेनसाठी चालू ठेवले तर अर्धे लोक इकडे, अर्धे तिकडे, आणि एकमेकांना ऑफलाइन दिसतात. प्रोसडी असेल तर महापेचा सर्व्हर एरवी बंद ठेवा, डेटाबेसची प्रत तिथे सतत जात राहू द्या, आणि ऑफिसचा खरंच पडल्यावरच तो चालू करा. ऑफिसची लाईन परत येण्याआधी ऑफिसातली सर्व्हिस बंद करायची आठवण भिंतीवर लिहून ठेवा.

प्रश्न: सर्टिफिकेट कोणत्या नावाचं घ्यायचं, गप्पा.टेस्ट की चॅट.गप्पा.टेस्ट? (एक वाचक, गिरगाव)

गप्पा.टेस्ट. पत्त्यात @ नंतर जे आहे तेच. एसआरव्हीचं उत्तर वाटेत कुणी बदललं तर टार्गेटचं नावही त्याच्या मनाचं असेल, आणि त्या नावाचं खरं सर्टिफिकेट तो घेऊनच बसलेला असेल. म्हणून क्लायंट मूळ डोमेनच तपासतो. तपासणी अशी:

ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट चॅट.गप्पा.टेस्ट:५२२२ -स्टार्टटीएलएस एक्सएमपीपी -एक्सएमपीपीहोस्ट गप्पा.टेस्ट

शेवटचा पर्याय विसरलात तर सर्व्हरला टार्गेटचं नाव पाठवलं जातं, आणि ‘असं होस्ट इथे नाही’ म्हणून तो जोडणी तोडतो. मग लोक सर्टिफिकेटला दोष देत बसतात.

प्रश्न: आमचा सर्व्हर दुसऱ्या डोमेनच्या सर्व्हरशी बोलत नाही. त्यांचा रेकॉर्ड माझ्या लॅपटॉपवर बरोबर दिसतो. (एक वाचक, ठाणे)

लॅपटॉपला काय दिसतं याने फरक पडत नाही. सर्व्हरच्या प्रोसेसला काय दिसतं ते बघा. सर्व्हर-ते-सर्व्हर जोडणीचा रेकॉर्ड वेगळा असतो, _एक्सएमपीपी-सर्व्हर._टीसीपी, पोर्ट साधारण ५२६९. पुष्कळदा क्लायंटचाच रेकॉर्ड तपासून ‘बरोबर आहे’ म्हटलं जातं.

सर्व्हर कंटेनरमध्ये असेल तर त्याचा नेमसर्व्हरही वेगळा असतो, तेव्हा आत शिरून विचारा. ईजॅबरडीमध्ये ‘ईजॅबरडीसीटीएल डीबग’ने एरलँगचा कन्सोल उघडतो. तिथे ‘आयनेट_रेस:लुकअप’ला रेकॉर्डचं नाव, ‘इन’ आणि ‘एसआरव्ही’ दिलं की कंसात चार-चार गोष्टींची यादी मिळते. रिकामी यादी आली तर एरलँगला उत्तर मिळत नाही. प्रोसडीच्या शेलमध्ये ‘एक्सएमपीपी:पिंग’ला आपलं आणि समोरचं डोमेन दिलं की लुकअपपासून सर्टिफिकेटपर्यंतची सगळी वाट एकदम तपासली जाते. हे सगळं नको असेल तर ‘टीसीपीडंप -एनआय एनी पोर्ट ५३’ चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून संदेश पाठवा. प्रश्न बाहेर पडला का, कुणाला विचारला आणि काय उत्तर आलं, हे तीन ओळींत दिसतं. प्रश्नच बाहेर पडला नाही तर जुनं उत्तर प्रोसेसच्या आतल्या कॅशेत आहे.

एट्सी/होस्ट्स फाइलमध्ये ओळ टाकून हे सुटेल अशी आशा ठेवू नका. त्या फाइलमध्ये एसआरव्ही लिहिताच येत नाही. ओपनफायरमध्ये मात्र ‘डीएनएसयूटिल.डीएनएसओव्हरराइड’ नावाची प्रॉपर्टी आहे. तिच्यात डोमेन, होस्ट आणि पोर्ट लिहून लुकअप टाळता येतो. चाचणीपुरती ठीक आहे, पण काम झालं की काढा. सहा महिन्यांनी समोरच्याने सर्व्हर हलवला की ती कुणाच्या लक्षात नसते.

प्रश्न: आमच्या संस्थेचं डोमेन देवनागरीत, .भारत आहे. वेबसाइट उघडते, चॅट जोडला जात नाही. (एक वाचक, दादर)

डीएनएसमध्ये देवनागरी नाव ‘एक्सएन’ आणि दोन हायफन यांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात असतं. ब्राउझर हे रूपांतर गुपचूप करतो, चॅट ॲपनेही करायला हवं. चूक बहुतेकदा रूपांतराच्या वेळेत असते. अंडरस्कोअरची दोन्ही लेबलं आधी जोडून मग अख्खं नाव रूपांतराला दिलं, की कडक नियमांत अंडरस्कोअर बसत नाही आणि फंक्शन त्रुटी देतं. आधी फक्त डोमेन बदलायचं, मग पुढे _एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी लावायचं.

तुमच्या बाजूने रजिस्ट्रारच्या पॅनलवरून डोमेनचं ‘एक्सएन’ रूप उतरवून घ्या आणि डिगला तेच द्या. मग ॲपच्या मशीनवर टीसीपीडंप लावून तेच रूप विचारलं जातंय का ते अक्षर न अक्षर ताडून बघा. नावात ‘र्‍या’ किंवा ‘र्‍हा’सारखं जोडाक्षर असेल तर डोळ्यांत तेल घालून. काही कीबोर्ड अर्धा र साधण्यासाठी मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात, काही ऱ हे वेगळं अक्षर वापरतात. आंतरराष्ट्रीय डोमेनच्या २००३ च्या नियमांत ते जोडचिन्ह गळून पडतं, २००८ च्या नियमांत हलंतानंतर ते टिकतं. पडद्यावर एकसारखी दिसणारी नावं त्यामुळे दोन वेगळी डोमेन होऊ शकतात. ॲप जुने नियम वापरत असेल तर त्याच्या निर्मात्यांना कळवा. तोवर रोमन अक्षरांतलं एखादं डोमेन चॅटसाठी घेतलेलं सोयीचं.

प्रश्न: ब्राउझरमधला चॅट एसआरव्ही बघतो का? (एक विद्यार्थी, विलेपार्ले)

नाही. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला असा रेकॉर्ड विचारता येत नाही. त्यासाठी एक्सईपी-०१५६ या एक्सएमपीपीच्या जोड-नियमाप्रमाणे गप्पा.टेस्टच्या वेबसाइटवर ‘.वेल-नोन/होस्ट-मेटा’ ही फाइल ठेवून तिच्यात वेबसॉकेटचा पत्ता द्यायचा. फाइल दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला वाचता यावी म्हणून सीओआरएसचा हेडर लावायला विसरू नका.

प्रश्न: मोबाइल डेटावर सगळं चालतं. ऑफिसच्या वायफायवर आलं की ॲप जोडलं जात नाही. काही ग्राहकांच्या ऑफिसात गेलो तरी तेच. (एक वाचक, गोरेगाव)

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. तुमच्या ऑफिसात सर्व्हर त्याच राउटरमागे असेल तर फोन सार्वजनिक पत्त्यावर जायला बघतो आणि बरेच स्वस्त राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी वाट देत नाहीत. एसआरव्ही तसाच ठेवा. ऑफिसच्या डीएनएसवर फक्त चॅट.गप्पा.टेस्टला आतला पत्ता द्या. हे नाव .लोकल मध्ये संपणारं ठेवू नका, ती जागा एमडीएनएसची (स्थानिक नेटवर्कमधल्या नावशोधाची) आहे आणि काही मशीन डीएनएसला विचारतच नाहीत. काही राउटरचा आतला डीएनएस ए आणि क्वाड-ए सोडून बाकी प्रश्नांना उत्तरच देत नाही, तेही ‘डिग @’ पुढे राउटरचा पत्ता देऊन एकदा बघून घ्या.

दुसऱ्यांच्या ऑफिसात बहुधा ५२२२ बंद असतो. त्यासाठी एक्सईपी-०३६८ चा रेकॉर्ड टाका: _एक्सएमपीपीएस-क्लायंट._टीसीपी, पोर्ट ४४३, म्हणजे सुरुवातीपासूनच टीएलएस. ॲप दोन्ही रेकॉर्डांची एकच यादी करून प्रायॉरिटी लावतं, तेव्हा ४४३ ला मोठा आकडा द्या. चाचणी ओपनएसएसएलनेच, पण आता स्टार्टटीएलएसशिवाय, ‘-सर्व्हरनेम गप्पा.टेस्ट -एएलपीएन एक्सएमपीपी-क्लायंट’ लावून. त्याच मशीनवर वेबसाइटही असेल तर ४४३ वर कोण ऐकतं हे आधी ठरवावं लागेल. पुढच्या प्रॉक्सीने एएलपीएन (जोडणी कशासाठी आहे हे सांगणारी खूण) बघून चॅट इकडे आणि वेब तिकडे पाठवावं. तशी सोय नसेल तर चॅटसाठी वेगळा आयपी पत्ता घ्या.